उन्हाळी सत्र: रात्रीचं आकाश

उन्हाळ्याच्या यादीत अकरा कोर्स होते.
मातीकाम, लॅटिनची तोंडओळख, सरोवरांचा भूगोल,
चारचौघांत बोलायची भीती घालवणारा एक,
आणि अगदी तळाशी, शाई संपत आलेल्या प्रिंटरने
कसाबसा उमटवलेला:
रात्रीचं आकाश, तीन क्रेडिट.
पाचाहून कमी नावं आली तर रद्द.
आली होती चार.

मी इथला गवत कापणारा.
कर्मचाऱ्याला वर्षाला एक कोर्स फुकट,
बावीस वर्षांत एकदाही घेतला नव्हता.
खिडकीतल्या बाईने फॉर्म पुढे सरकवला.
म्हणाली, डेल, पेन तेवढं परत दे.

पहिल्या रात्री साडेदहाला
प्रोफेसर हॉल्वर्सनबाई मैदानावर आल्या
तेव्हा उत्तरेला पिवळट उजेड अजून रेंगाळत होता,
आणि तळ्यावर लून पक्षी कुणाला तरी हाका मारत होता.
"जूनमध्ये हा विषय ठेवणारा माणूस
रात्री लवकर झोपत असणार," बाई म्हणाल्या.
"वर्षातला सगळ्यात तुटपुंजा अंधार वाट्याला आलाय.
काटकसरीने वापरा."

आम्ही उताणे पडलो,
सकाळी मीच कापलेल्या गवतावर.
इतकी वर्षं ते फक्त वरून पाहिलं होतं.
मानेला इतकं टोचतं
हे ठाऊक नव्हतं.

बाईंनी स्वाती दाखवली.
हा उजेड सदतीस वर्षांपूर्वी निघालाय.
व्हर्ना लिंडक्विस्ट, एकतीस वर्षं पोस्टात,
डासांचं मलम चोळता चोळता म्हणाली,
"आणि कुणी तक्रार केली नाही?"

ब्रॉडी हॉकीतला गोलकीपर, भौतिकशास्त्रात दोनदा आडवा झालेला.
ॲन्सल सहा आठवड्यांत एक शब्द बोलला नाही,
लाल कागद लावलेल्या बॅटरीखाली वही भरत राहिला.
माई येर वांग दिवसभर टर्कीच्या कारखान्यात,
नर्सिंगला तीन क्रेडिट कमी पडत होते म्हणून इथे.
दहा मिनिटांत तिचा डोळा लागायचा.
बाई आवाज खाली आणायच्या,
शिकवणं थांबवायच्या नाहीत.

मग कॅनडातली जंगलं पेटली.
धूर आमच्यापर्यंत आला, चंद्र सुकल्या जर्दाळूसारखा,
तारे एकूण एक गायब.
वाटलं, सुटी.
बाई खोकत खोकत म्हणाल्या,
"आकाश कुठे गेलेलं नाही. अभिजित कुठे असेल, दाखवा."
आम्ही धुरात हात उगारले,
पाच हात, पाच दिशांना.
बाई होकायंत्र घेऊन एकेकापाशी वाकल्या.
सगळ्यात अचूक निघाला माई येरचा.
"मला आठवतच नाही मी हे कधी ऐकलं," ती म्हणाली,
आणि हात तसाच वर ठेवून
पुन्हा झोपली.

अभिजितचा उजेड पंचवीस वर्षांचा.
मी घरी जाऊन हिशेब केला.
निघाला तेव्हा मी या नोकरीत नव्हतो
आणि इलेन घरात होती.
परीक्षेत हे लिहायचं नसतं.

परीक्षा सोपी होती. एक तारा दाखवा, त्याच्याबद्दल बोला.
ब्रॉडीने ठामपणे बोट रोखलं,
रंग सांगितला, तापमान सांगितलं,
तेवढ्यात तारा सरकायला लागला.
मिनियापोलिसचं विमान.
"सरकतंय," तो स्वतःच म्हणाला, पडेल आवाजात.
बाईंनी त्या एका शब्दाला अर्धे मार्क दिले.

ऑगस्टमध्ये मैदान कापायला घेतलं.
डोंगरउताराच्या बाजूला गवत अजून दबलेलं,
लांबट, वेडेवाकडे पाच खळगे,
एकाशी मलमाचं टोपण.
मी मशीन वळवून नेलं.

सुपरवायझरने विचारलं, तो तुकडा का सोडला?
खडक आहे तिथे, म्हटलं.
पातं मोडेल.