कोपर

फॉर्मवर दोन चौकोन होते: गुंगीचं औषध हवं, नको.
मी ‘हवं’वर खूण केली होती. पेन दाबून, दोनदा.
डॉक्टर व्हिल्चेकनी ती खोडली,
माझ्या मानेभोवती शिंप्यासारखी टेप फिरवली,
सेहेचाळीस सेंटिमीटर,
आणि म्हणाले, “इरेनेऊश, तुमचा घसा झोपेत दार लावून घेतो.
तासाला अडतीस वेळा, इथे लिहिलंय.
मी आत असताना त्याने कडी घातली तर?”

म्हणजे जागेपणीच.

सत्तावीस वर्षं मी श्चेचिनच्या गटारांत कॅमेरा सोडतोय.
चार चाकं, पुढे दिवा, मागे केबल.
व्हॅनमध्ये बसून, सँडविच खात, बघतो शहराचं पोट:
जर्मनांच्या वेळची विटांची कमान,
सांध्यांतून घुसलेली लिंडनची मुळं,
एकदा तर चरबीत रुतलेली लग्नाची अंगठी.
पाइपला काय वाटत असेल
हे कधी डोक्यात आलं नाही.

नर्सचं नाव बोझेना. तिने घशात फवारा मारला,
कडू, आणि वर केळ्याचा खोटा वास.
आवंढा गिळला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.
दातांत प्लास्टिकची कडी. डाव्या कुशीवर वळा.
(डाव्या कुशीवर झोपायला मला लुत्सिनाने शिकवलं,
पायजम्याच्या सदऱ्याला पाठीवर टेनिसचा बॉल शिवून.)

मग ते आलं.
काळं, ओलं, करंगळीएवढं जाड,
आणि अंगातला प्रत्येक स्नायू दाराशी धावला.
नाही. नाही नाही.
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
गालावरून लाळ खाली कागदी टॉवेलवर,
आणि असले ढेकर, की लाजायलाही सवड नाही.
“नाकाने आत,” बोझेना म्हणत होती,
“लांब बाहेर. श्वास चालू आहे तुमचा. बघा, चालू आहे.”

खरंच चालू होता.
कोंडल्यासारखं वाटत होतं, कोंडत नव्हता.
रात्री याच्या उलट:
कोंडतो, आणि मला काहीच वाटत नाही.
मी तिथे नसतोच.

तिथे लुत्सिना असते.
अंधारात मोजत. अकरा, बारा,
सतरा, अठरा,
आणि मग कोपर, बरगडीत, नेमकं त्याच जागी.
मी गुरकावून कूस बदलायचो
आणि सकाळी तिलाच विचारायचो,
डोळ्यांखाली हे काळं कसलं गं?
मशीन आल्यापासून कोपर बेकार झालं.
तरी तीनच्या सुमाराला उठते म्हणे अजून,
मास्कची फुसफुस ऐकते, आणि पुन्हा आडवी होते.

सात मिनिटं. पडदा माझ्याकडेच होता.
गुलाबी, चकचकीत, ना वीट ना मूळ.
सवयीने मी अंतर मोजत गेलो.
एका वळणावर लालसर खरवड दिसली.
मी हातानेच खूण केली, तिथे थांबा.
डॉक्टर हसले. ते आधीच थांबले होते.
चिमट्याने दोन कण काढले, पूर्ण दुखलं असं नाही,
कुणीतरी लांबून पडदा ओढल्यासारखं.

निकाल पंधरा दिवसांनी.
तोवर कॉफी नको, काळजी नको, म्हणाले.
पहिलं जमेल.

बाहेर कॉरिडॉरमध्ये, निळ्या खुर्चीत,
मांडीवर माझा कोट आणि मशीनची पिशवी
(“असू दे, लागलं तर” म्हणून आणलेली),
लुत्सिना बसल्या बसल्या झोपली होती.
तोंड किंचित उघडं.
मी शेजारी बसलो. घसा अजून लाकडाचा.
तिला झोपलेली मी नीट कधी पाहिलीच नव्हती,
दर वेळी माझाच नंबर आधी लागायचा.

आत. बाहेर. आत.
मी मोजायला लागलो.
चारच्या पुढे एकदाही जावं लागलं नाही.

आमची ट्राम सुटली असणार.
कोपर तिच्या दंडाजवळ होतं माझं.
तसंच ठेवलं.