कोपऱ्याची पायपीन

सावद्याच्या स्टँडमागे, केळीच्या वखारीला लागून
माझं दुकान. दोन मशिनी, त्यातली एक बंद,
आणि पत्र्यावर अजून लुकमान तडवीचं नाव.
ते पुसायचे रंगारी दोनशे मागतो.
मीही घाई केलेली नाही.

सरळ शिवण कुणालाही येते,
कारागीर कळतो तो कोपऱ्यावर,
असलं काही लुकमानचाचा कधी बोलले नाहीत.
ते फक्त माझ्या बोटांवर लाकडी पट्टी मारायचे
आणि म्हणायचे, "वढू नको वं, त्याले येऊ दे."

रेक्झीनची पट्टी उरेबात कापायची,
मध्ये दोरी निजवायची,
एकपायी फूट लावून
दोरीच्या अगदी कुशीतून सुई न्यायची
आणि वळण आलं की हात सैल.
बाहेरच्या वळणाला माया ताणली जाते,
तिला पेरापेरावर सरळ काप द्यायचे.
आतल्या वळणाला तीच माया गोळा होते,
तिथे बारके त्रिकोण कापून काढायचे.
काप टाक्याच्या एक दोरा अलीकडे थांबला पाहिजे.
पुढे गेला तर भोक,
मागे राहिला तर चुणी.

एवढं शिकायला मला दीड वर्ष लागलं
आणि ट्रॅक्टरच्या अकरा गाद्या,
ज्यांचे कोपरे वाळल्या पानासारखे आत वळले.
त्यातली एक घरी आहे. तिच्यावर मांजर झोपतं.

एकदा दोरी संपली, भुसावळहून माल येईना,
मी केळीच्या सोपटाचा दोर वळून घातला.
काय वळला! कुठेच नाही म्हणाला नाही.
पावसाळ्यात गिऱ्हाइकाने गादी आणून आपटली,
आंबूस वास, कडेला बुरशीची लव.
चाचा त्या दिवशी पोट धरून हसले.
"ही चूक तरी तुही सोताची."

मागच्या आखाजीला सुपडू कोळी आला.
दिल्लीला केळी नेतो.
सीट मरून पाहिजे, पायपीन पिवळी, झेंडूसारखी.
जुनं कव्हर उसवलं तर उजवा कोपरा
डाव्याहून चार बोटं खाली उतरलेला.
मी मापाने शिवलं. दोन्ही कोपरे सारखे,
पायपीन अशी की बोट फिरवलं तर कुठे अडायचं नाही.
सुपडू बसला. उठला. परत बसला.
"चांगली आहे ताई. पन मही नाही."

मग मी त्याला बसू दिलं आणि नीट पाहिलं.
एकवीस वर्षं खिडकीवर कोपर टेकून
तो उजवीकडे कलून बसतो.
खडू घेतला, तो बसलेला असतानाच
सीटवर त्याच्या कलण्याची रेघ ओढली.
वखारीतले चार हमाल बघत होते. बघोत.

रेक्झीन उसवलं की टाक्यांची भोकं राहतात,
सुती कापडासारखी ती मिटत नाहीत.
नवा कोपरा भोकांच्या आतून न्यावा लागला,
आणि ते वळण कुठल्या ताटलीने,
कुठल्या डब्याच्या झाकणाने आखता येईना.
सात काप, दोन त्रिकोण,
आणि मध्ये एक जागा, जिथे मी काहीच कापलं नाही,
नुसती थांबले.
आलं ते.

सुपडू बसला आणि काही बोलला नाही,
कोपर मात्र आपसूक खिडकीवर गेलं.
तीनशे रुपये अजून बाकी आहेत.

रात्री कधी बऱ्हाणपूरच्या रस्त्याने ट्रक जाताना ऐकू येतो.
गिअर बदलल्याच्या आवाजावरून ओळखायला बघते, तोच का.
पुढे वळणं कशी आहेत, मला ठाऊक नाही,
मी कधी ट्रकात बसले नाही.

आज सोफ्याचं काम आहे, फैजपूरच्या डॉक्टरांचं.
चारही कोपरे सारखे.
कंटाळा.