गुडघ्यावरचा चिखल

बत्तीस वर्षं मी तिला फळ्यावर काढली,
लाल खडूनं केस, टोकाला पांढरा थेंब.
मागच्या बाकावरून दरवर्षी एकच प्रश्न:
‘सर, ती माणूस खाते का?’

आज गोंदियाहून काळीपिवळीत आम्ही सात जण.
सुटी काढलेले दोन बँकवाले,
गळ्यात दुर्बीण घातलेली डॉक्टरीण,
आणि निवृत्त मी, खिशात भिंग.
बोडीच्या पारीवर कौतिका वलथरे उभी,
हातात बेशरमाची काडी.
‘बुटं काढा जी. थे पायाखालीच मरते.’

हलकं धान कापलेलं, करपे वाळत पडलेले,
भारी अजून हिरवं.
धुऱ्यामागच्या पडीक ओलीत ती थांबली.
‘पाहा न.’
आम्ही पाहिलं. चिखल, शेण, खेकड्याचं बीळ.
डॉक्टरीण दूरवर दुर्बीण फिरवत राहिली.
‘तिकडं काऊन पायता बाई?
तुमी उभ्या हा तिथंच.’

मग जिथल्या तिथे गोठलो,
एका पायावरचे बगळे,
आणि हळूहळू जमीन लाल होत गेली:
सदऱ्याच्या गुंडीएवढी एकेक,
शेकड्यांनी.

गुडघे टेकले. भिंग धरलं.
एक चिलट आधीच चिकटलेलं,
एक पाय वर, कुणाला थांब म्हणावं तसा.
केस त्याच्यावर वाकत होते
आजाऱ्यावर पांघरूण घालावं इतक्या हलक्या हातानं.
हे मी फळ्यावर कधीच काढलं नव्हतं.

‘पुस्तकात हिचं नाव दवबिंदू. तुमच्यात?’
‘काईच नाही. खाता येत नाही, चुलीत जरत नाही.
हाक माराचं काम नाही पडलं कदी.’
मग काडी पाण्याकडे:
‘थे पिवऱ्या फुलाचं मात्र आमच्या जाऱ्यात गुतते.
थेही खाते मनता?
मासोऱ्या सोडून किडेच खाते?
मंग खाऊ द्या.’

परतताना रेल्वे फाटक बंद.
विजारीच्या गुडघ्यावर चिखल वाळत होता
आणि चिखलात ती,
मुळासकट, चिलटासकट.
वर्तमानपत्रात दाबून वहीत चिकटवायची सवय
बोटांना अजून आहे.
ड्रायव्हरला म्हणालो, परत घेता का?
‘काय राह्यलं सर, मोबाईल?’
काय सांगावं.
‘हो,’ म्हणालो.

गाडी वळली तेव्हा
बाटलीतलं पाणी थेंब थेंब गुडघ्यावर सोडत होतो,
आणि चिलटाचा तो वर धरलेला पाय
आता दिसत नव्हता.