लिहिणारी

मार्च संपला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी
लुकमान दगडू पिंजारी पोस्टात यायचा,
भुवयांवर कापूस,
पासबुक रुमालात बांधलेलं.
खिडकीतून आत सरकवून म्हणायचा,
'मन्हं कितलं, नि ते कितलं?'
ते म्हणजे व्याज. शब्द तोंडात घ्यायचा नाही,
रात्री सापाला जनावर म्हणावं तसं.

मी सांगायचे, दोनशे बारा.
तेवढेच काढायचा.
सही मराठीत, शेवटची री दरवेळी रकान्याबाहेर.
त्या पैशांचा त्याने कधी चहा प्यायला नाही,
मशिदीच्या पेटीतही टाकले नाहीत.
एरंडोलच्या स्टँडवर बायकांच्या संडासाला
आतून कडी लागते ना,
ती कडी त्याची.
'पुण्य लागेल, चाचा,' मी म्हटलं होतं.
'कसानं पुन्य? लोकेसना माल लोकेसले दिधा.'

एकदा गर्दी नव्हती.
असं काय आहे त्यात, मी विचारलं.
त्याने भुवईवरचा कापूस चिमटीत धरून
खिडकीच्या फळीवर ठेवला.
म्हणाला, पावशेर पिंजला की खोली भरते.
बघणाऱ्याला वाटतं, केवढा वाढला.
काट्यावर टाक. पावशेरच.
तुमच्या या वहीत
कुणी धनुकली उचलली नाही,
कुणाचा खांदा भरून आला नाही,
आणि वजन वाढलं.
कुणाचं घटल्याशिवाय?

मग आपल्याच नादात बोटं मोजत गेला:
घेणारा, देणारा,
साक्षीला बसलेले दोघं,
लिहिणारा,
सगळे एकाच तागडीत, असं सांगून ठेवलंय आम्हाला.
अंगठ्यापाशी येऊन थांबला.
माझ्या हातात पेन होतं.
'तुन्हं तुले ठाऊक, बहीन,' घाईघाईने म्हणाला,
'मन्हं माले.'
आणि चष्म्याचं घर विसरून गेला.

मी सव्वीस वर्षं लिहिलं.
व्याज जमा. व्याज जमा.
पगार त्यातला, मुलाची फी त्यातली.
माझ्यात काही बदललं असं नाही.
एवढंच, की पिंजारीच्या पानावर
तो आकडा लिहिताना हात हलका पडायचा,
खालच्या कार्बनवर नीट उमटायचा नाही.
पोस्टमास्तर ओरडायचे.

तो गेला त्या साली नात आली, जैनब.
दाखला, वारसाचा अर्ज, दोन फोटो.
आमच्यात नातवंडांना म्हणतात,
मुद्दलापेक्षा व्याज गोड.
जिभेवर आलं होतं. गिळलं.
तिने रुमाल सोडला, तोच,
पासबुक आत सरकवलं.
'आजोबाचं किती, आणि ते किती?'

मी दोन चिठोऱ्यांवर दोन आकडे लिहिले.
तिने लहान चिठोरी आधी उचलली.
म्हणाली, कडी अजून धड आहे.
या वर्षी नळ बघते.