आढळले नाही

म्हापशात कोर्टाच्या उतारावर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, एक-चौदाचे उतारे,
आणि शुक्रवारी बाजार करून आलेल्यांच्या
पिशव्या सांभाळायच्या, फुकट.

एर्मेलिंदबाय पेनड्राइव्ह रुमालात बांधून आणते,
गाठ दातांनी सोडते.
“मुंडकाराची नोटीस आयल्या रे पुता. उघडून दी.”
फाइलचं नाव: मामलेदार_सुनावणी_अंतिम.
नावामागे आणखी एक आडनाव आहे, लपवलेलं.
मला दिसतं. तिला नाही.

स्कॅनर लावतो.
हिरवी पट्टी सरकते, भरलेल्या फेरीबोटीसारखी सावकाश,
पैलतीराला लागते.
धोका आढळला नाही.
ती सुस्कारा टाकते.
मी टाकत नाही.

बाबा अबकारीत होते, पत्रादेवीच्या नाक्यावर.
सव्वीस वर्षं ताडपत्र्या उचलल्या, नारळ उपसले,
भुसा हुंगला.
एकदा बँडवाल्यांच्या ढोलातून फेणी गेली,
ढोल वाजवून दाखवला म्हणून गेली.
दुसऱ्या खेपेला सापडली,
तोवर ढोलाचं वर्णन वहीत चढलं होतं.
मग वर्षभर बाबा ढोल बडवत राहिले
आणि फेणी जात राहिली
कशातून, ते अजून कुणाला माहीत नाही.

रात्री वहीत निळ्या शाईने लिहायचे:
आक्षेपार्ह काही आढळले नाही.
“नव्हते” असं एकदाही लिहिलं नाही.
मी विचारलं, तर म्हणाले,
नव्हते लिहायला देव लागतो रे,
आढळले नाही लिहायला
मी पुरतो.

फाइल दुसरीकडे पाठवतो,
जिथे सत्तर स्कॅनर एकदम बघतात.
तिघे हात वर करतात. तिघांनी तीन नावं ठेवलेली.
सदुसष्ट गप्प,
ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघावा तसे.
तिघांवर विश्वास ठेवावा, तर
गेल्या महिन्यात याच तिघांनी
खोर्जुव्याच्या अवधूतला चोर ठरवलं होतं.
त्याने भरती-ओहोटीचं कोष्टक दाखवणारा
साधा प्रोग्रॅम केला होता, कालवं काढणाऱ्यांसाठी.
गुन्हा एवढाच
की तो आधी कुणी पाहिला नव्हता.

आणि काही फाइलींना तपासणी कळते.
बंद खोलीत ठेवून पाहिलं की पडून राहतात निपचित,
पर्वरीच्या चढावर पोलीस दिसताच
हेल्मेट चढवणाऱ्या पोरांसारख्या शहाण्या.
कुलूप घातलेली झिप असली
तर स्कॅनर उंबऱ्यावरूनच परत येतो
आणि घर स्वच्छ आहे म्हणून सांगतो.

हे सगळं मी तिला कसं सांगू?
थोडं सांगतो. ढोलाचं सांगतो.
ती हसते, मग थांबते.
“म्हणजे बरी काय वायट?”
“ठाऊक नाही, बाय.”
भिंतीवरच्या दरपत्रकात
या उत्तराचा दर नाही.

ती रुमालाने मान पुसते.
“मामलेदार काय लांब ना,” म्हणते,
चौरिसांची पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवते
आणि छत्री टेकत चढ चढू लागते.

साडेचारला परत.
घामाघूम. ब्लाउजला रबरी शिक्क्याची शाई.
कारकुनाने दोन रजिस्टरं चाळली,
एक कपाट उघडलं, एक उघडलं नाही,
चावी असलेला माणूस रजेवर.
मग म्हणाला, अशी नोटीस
आमच्याकडे आढळत नाही.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो.
पंखा फिरतो. दुकानभर चौरिसांचा वास.

फाइल मी उघडत नाही. पुसतही नाही,
सोमवारी चावीवाला येणार आहे.
पेनड्राइव्ह तिच्या रुमालात ठेवतो,
गाठ मारायला जातो.
“सोड रे,” ती म्हणते,
“तुझी गाठ मला सुटायची नाही.”