तीस दिवसांची नोटीस

डंडीत, पर्थ रोडच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर,
सप्टेंबरातल्या एका मंगळवारी
आम्ही चौघं स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो होतो.
खुर्च्या दोनच. एकीवर ओले मोजे,
दुसरीवर टोबेन्नाचा लॅपटॉप, माझ्या फोनच्या डेटावर,
आणि डेटा संपत आलेला.
म्हणजे निर्णय घाईनं घ्यायचा होता
आणि घाईनं घेण्यासारखा नव्हता.

आग्न्येश्का म्हणाली, चोवीस महिने घ्या, सगळ्यांत स्वस्त.
टोबेन्ना म्हणाला, चोवीस महिन्यांनी मी कुठं असेन
ते माझ्या आईलाही माहीत नाही,
आणि तिला सगळं माहीत असतं.
शिवाय चोवीस महिन्यांत दोन एप्रिल येतात,
एप्रिलमध्ये दर वाढतात,
तारकाचिन्हाखाली, मुंगीच्या अक्षरात.

नऊ महिने: खास विद्यार्थ्यांसाठी.
नऊ महिन्यांत अख्खा माणूस तयार होतो, आग्न्येश्का म्हणाली,
तुझा एक प्रबंध होईना?

मग वेगावर भांडण.
टोबेन्नाला चढता वेग हवा होता,
दर रविवारी एनुगूला आईला ताट दाखवायचं असतं,
ताट धूसर दिसलं की ती म्हणते, वाळलास.
आम्हा बाकीच्यांना उतरता.
आम्ही घेणारेच. पाठवण्यासारखं
आमच्याकडे होतं काय?
पत्ता टाकला तर उत्तर आलं:
तुमच्या रस्त्यावर अजून फायबर पोचलेलं नाही.
आडातच नाही,
आणि आम्ही तासभर पोहऱ्यांचे भाव करत होतो.

रुअरी तोवर गप्प होता.
लुईस बेटावरचा. तिथं वारा सुटला की इंटरनेट जायचं
आणि माणसं शेगडीपाशी सरकून बसायची, तक्रार न करता.
तो म्हणाला, महिन्यामहिन्याचं घेऊ.
तीस दिवसांची नोटीस दिली की मोकळे.

अकरा पौंड जास्त!
हे म्हणणारा तोच रुअरी
जो दुधाच्या बाटलीवर पेनानं रेघ मारून ठेवायचा.
मी अकराला चारानं भागलं.
पावणेतीन, म्हणाले, दर महिन्याला, फुकट.
त्यानं खांदे उडवले.

तीन विरुद्ध एक. नऊ महिने.

आता नाव कोणाचं?
टोबेन्नाचं बँक खातं सहा दिवसांचं,
आग्न्येश्काचा पत्ता अजून जुनाच,
माझी एका फोन कंपनीशी थकबाकी, ती मी सांगितली नाही,
फक्त सिंककडे बघत राहिले.
माझं लावा, रुअरी म्हणाला.

आठ ते एकच्या मधे येणारा माणूस
एकला दहा कमी असताना आला,
खिडकीच्या चौकटीला भोक पाडून गेला.
त्या भोकातून तार आली, आणि थंडीही.
पासवर्ड रुअरीनं ओट्सच्या खोक्याच्या झाकणावर लिहिला,
त्याच्या गेलिकमधला शब्द.
आम्हाला उच्चारता येईना,
आम्ही एकेक अक्षर टाइप करायचो.

नोव्हेंबरात एका सोमवारी त्याची खोली रिकामी.
अंथरूण घडी घातलेलं. जानेवारीपर्यंतचं भाडं भरलेलं.
दुधात रेघेपर्यंत दूध.
कोर्स सोडला, निरोप आला, बोटीवरून.
आम्ही तिघं म्हणत राहिलो, काही बोलला नाही,
एका शब्दानं बोलला नाही.

बोलला होता.
इथंच, याच फरशीवर, सगळ्यांसमोर
त्यानं नोटीस दिली होती.
आम्ही तिचा दर बघितला.

दर चौदा तारखेला पैसे अजून त्याच्याच खात्यातून जातात.
आम्ही आमचे तीन वाटे पाठवतो.
चौथा तू भरू नकोस म्हटलं,
तर म्हणाला, करार म्हणजे करार.
त्या शब्दाचा अर्थ टोबेन्नानं फेब्रुवारीत शोधून काढला:
थांब. किंवा, राहा. दोन्हीला एकच.
कोणाला सांगितलेला नाही.
पाहुण्यांना आम्ही अजून नुसती अक्षरं सांगतो.

जूनमध्ये मुदत संपेल.
बंद करायचं तर खातेदारानंच फोन करायचा,
असं बारीक अक्षरात आहे. मी सगळं वाचलं या वेळी.
म्हणजे तोवर आमच्यातल्या कुणाला तरी
त्याला आधी फोन करावा लागेल.