कारणास्तव

दाखल्याच्या पुस्तकात तो रकाना
माझ्या अंगठ्याएवढा रुंद.
शाळा सोडल्याचे कारण.
मावतात ते दोन शब्द मी लिहितो,
एकवीस वर्षांपासून, निळ्या शाईत,
मान वर न करता.

घरगुती.
तसा शब्द चांगला आहे.
मेडिकल चौकात, विजेच्या खांबावर असतो:
घरगुती डबे मिळतील.
पापडाच्या पाकिटावर असतो,
सांडग्यांना, लोणच्याला लागला
की दहा रुपये जास्त मिळतात.
माझ्या रकान्यात येतो
तेव्हा त्याला कशाचाच वास नसतो.

आज गुंजन धकाते, नववी ब.
दिवाळीच्या सुट्टीनंतर बाकावर दिसली नाही.
आता फेब्रुवारी, तांडापेठेत पत्रे तापू लागलेत,
आणि ती आईच्या मागे उभी,
ओढणीच्या टोकाला गाठ मारते, सोडते.

कारण काय लिहू, म्हटलं.
आई म्हणाली, लिवा ना जी काईबी,
तुमाले त माईत असते सारं.

मला माहीत नव्हतं.
पहिल्यांदाच पेन खाली ठेवला.

मंग ती सांगत गेली, उभ्यानंच:
पावरलूमवर असतानी यायची उजवी बाजू गेली,
त्याले दीड वर्ष झालं.
तवा नाई काढली जी पोरीले.
मी सदरात केटरिंगवाल्याकडं पोळ्या लाटतो,
आठाले निघतो, अंधार पडल्यावर येतो.
शेजारी शकुनबाई होत्या,
दुपारी येऊन यायची कूस बदलून देत,
पाणी पाजत, पडले त उचलत.
थ्याईच्या पोरानं बुटीबोरीले फ्लॅट घेतला.
दसऱ्याले टेम्पोत सामान गेलं.
बस. येवढंच झालं.

येवढंच.

मी रकान्याकडे पाहिलं.
शकुनबाईंचा टेम्पो
यात कुठून वळवायचा?
वरून आलेल्या तक्त्यात चौकोन आहेत,
आजारपण, स्थलांतर, विवाह, आर्थिक, इतर.
आजार आहे, पण विद्यार्थिनीला नाही.
स्थलांतर झालं, पण शेजारणीचं.
विवाह नाही.
अजून नाही, असा चौकोन नाही.

मोठा भाऊ आहे ना हिला? मी विचारलं.
हाव जी. थो जाते शाळेत.
थ्याची दहावी हाय.

हे तिनं असं सांगितलं
जसं कोणी सांगावं की आज मंगळवार.
पुढचा प्रश्न
माझ्या तोंडातच राहिला.
माझ्या दहावीच्या वर्षी
आजोबांची चादर रोज कोण धूत होतं
हे मला टेबलाच्या या बाजूला बसून,
इतक्या वर्षांनी, आठवलं.
कुसुमताईचा दाखला कोणी लिहिला असेल?
अक्षर चांगलं होतं का त्याचं?

पंखा खडखडत होता.
आईला कामावर परत जायचं होतं,
अर्ध्या दिवसाचे पैसे कापले जात होते
माझ्या डोळ्यांसमोर.
मी लिहिलं.
घरगुती कारणा स्तव.

गुंजन पुढे वाकली.
ओढणीची गाठ सुटली होती.
बोट कागदाला लावलं नाही, वरच्यावर धरलं,
आणि शाळेच्या मराठीत म्हणाली,
सर, स्तव जोडून लिहितात.

एकवीस वर्षं मी तो शब्द तोडत आलो.
त्या सगळ्या पोरींतली एकही
माझ्या कागदावर वाकली नव्हती,
की वाकल्या होत्या
आणि मी मान वर केली नव्हती.

चुकलेला दाखला फाडता येत नाही,
त्याला नंबर असतो.
दोन तिरप्या रेघा ओढायच्या,
रद्द लिहायचं, सही, तारीख,
मग नवं पान.
तेवढा वेळ ती
अजून आमच्याच शाळेत होती.

मी रेघा हळू ओढल्या.